सी: फाइल ओळीओळीने वाचतोय, बेरीज ११३० ऐवजी १५६० येते

लादीपाव, कळवा

ठाणे-वाशी मार्गावरच्या नऊ स्थानकांबाहेरच्या वडापावच्या गाड्यांना रोज किती लाद्या पाव जातो, त्याची यादी एका बेकरीसाठी सी भाषेतल्या प्रोग्रामने वाचायची आहे. पहिल्या ओळीत एकूण स्थानकं, मग प्रत्येक ओळीत नाव, स्वल्पविराम, लाद्या:

९
ठाणे,११८
दिघा गाव,४०
ऐरोली,१३२
रबाळे,७५
घणसोली,१६०
कोपरखैरणे,२५०
तुर्भे,९०
सानपाडा,८५
वाशी,१८०

फाइलमध्ये आकडे इंग्रजी अंकांत आहेत, इथे देवनागरीत टाइप केलेत. नावं मराठीतच, यूटीएफ-८.

पहिला आकडा स्कॅनएफने टक्का-डी लावून घेतो. मग 'एफईओएफ नाही तोवर', म्हणजे फाइल संपत नाही तोवर, असा व्हाइल लूप. आत एफगेट्सने ३२ बाइटच्या अ‍ॅरेत ओळ घेतो आणि एसस्कॅनएफने स्वल्पविरामाआधीचं नाव आणि नंतरचा आकडा वेगळे करतो. आकड्याच्या व्हेरिएबलला लूपबाहेर शून्य दिलंय. उबुंटू, जीसीसी. फाइल डाव्या कोनकंसाने प्रोग्रामला देतो.

होतं असं:
१) ठाण्याच्या आधी एक रिकामी ओळ आणि तिचा आकडा शून्य छापला जातो.
२) कोपरखैरण्यानंतर रिकामी ओळ, आणि पुन्हा २५०.
३) वाशी दोनदा.

काल कोपरखैरण्याचा आकडा ९५ होता तेव्हा दुसरा प्रकार झाला नव्हता. पहिला आणि तिसरा मात्र होतेच. म्हणून जास्त डोकं खाजवतोय.

मासुंदा

स्कॅनएफनंतर एफफ्लश (बफर रिकामा करणारं फंक्शन) करून कंसात एसटीडीइन, म्हणजे इनपुट, द्या. पहिली रिकामी ओळ जाईल. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे हेच करतात.

पारसिक

मासुंदा, हे सांगू नका हो कुणाला. इनपुटवर एफफ्लश मारला तर काय व्हावं, हे सी स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. एखाद्या जुन्या कंपायलरवर चालतं, म्हणून लॅबच्या जर्नलांमधून वर्षानुवर्षं उतरत आलंय. उबुंटूवर टर्मिनलवरून टाइप करत असाल तर उरलेला न्यूलाइन (ओळ संपल्याचा बाइट) जागचा हलत नाही.

लादीपाव, तुमच्या बेरजेतच उत्तर आहे. १५६० वजा ११३० म्हणजे ४३०. ४३० म्हणजे २५० अधिक १८०. म्हणजे कोपरखैरणे एकदा जास्त आणि वाशी एकदा जास्त. पहिल्या रिकाम्या ओळीने शून्यच मिळवला म्हणून ती बेरजेत दिसत नाही, पण चूक तीही आहे. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

पहिलं. टक्का-डी फक्त अंक उचलतो. ९ नंतर तुम्ही एंटर दाबलेलं असतं, तो न्यूलाइन इनपुटमध्ये तसाच पडून राहतो. एफगेट्सचं काम 'न्यूलाइन भेटेपर्यंत वाच, न्यूलाइनसकट दे'. त्याला पहिल्याच बाइटला न्यूलाइन भेटतो, तो खूश होऊन परत येतो. त्याच्या दृष्टीने ती पूर्ण ओळ आहे. काही जण टक्का-डीच्या पुढे एक स्पेस टाकतात. तिने न्यूलाइन जातो, पण ती स्पेस पुढचा कोरा नसलेला बाइट येईपर्यंत सगळं कोरं गिळते. टर्मिनलवर तुम्ही पुढची ओळ टाइप करेपर्यंत प्रोग्राम अडकल्यासारखा दिसतो, आणि फाइलमध्ये मुद्दाम सोडलेली रिकामी ओळ असेल तर तीही गायब. साधा नियम: एकाच इनपुटवर स्कॅनएफ आणि एफगेट्स मिसळायचे नाहीत. पहिली ओळसुद्धा ओळ म्हणूनच घ्या, मग तिच्यातून स्ट्रटोलने आकडा काढा.

दुसरं, हे खरं गमतीचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. कोपरखैरणे फोडा: क, ओकार, प, र, ख, ऐकार, र, ण, एकार. नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. स्वल्पविराम १, इंग्रजी अंकांतले २५० चे ३, न्यूलाइन १. एकूण ३२.

एफगेट्सला ३२ सांगितलं की तो ३१ बाइट वाचतो आणि शेवटची जागा शून्य बाइटसाठी राखतो. ३१ बाइटांत बरोबर '२५०' पर्यंतचा मजकूर मावला, न्यूलाइन बाहेर राहिला. पुढच्या फेरीत एफगेट्सला तो एकटा न्यूलाइन मिळाला. एसस्कॅनएफने तो 'नाव' म्हणून घेतला, कारण न्यूलाइन म्हणजे स्वल्पविराम नव्हे. पुढे स्वल्पविराम सापडला नाही म्हणून तो तिथेच थांबला आणि आकड्याला हात लावला नाही. आकड्यात आधीचे २५० होतेच, ते पुन्हा बेरजेत गेले. काल ९५ होतं तेव्हा ओळ ३१ बाइटांची होती, अगदी काठोकाठ मावली.

खात्री करायची तर टर्मिनलवर हेडने पहिल्या सात ओळी, टेलने त्यातली शेवटची, आणि ती डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला वजा-सी देऊन पाठवा: ३२ येईल. वजा-एम दिलंत तर १४, कारण ते चिन्हं मोजतं. लोक मनात १४ धरून ३२ चा अ‍ॅरे 'दुपटीहून जास्त आहे की' म्हणतात आणि मराठी मजकुरात फसतात.

तिसरं. एफईओएफ पुढे काय आहे ते डोकावून बघत नाही. आधीचं वाचन फाइलच्या शेवटावर आदळलं का, एवढंच तो सांगतो. वाशीची ओळ न्यूलाइनसकट वाचून झाली तेव्हा कुणी शेवटावर आदळलेलं नव्हतं. लूप पुन्हा आत गेला, एफगेट्सला काही मिळालं नाही, त्याने नल, म्हणजे 'काहीच नाही', परत केला आणि अ‍ॅरे होता तसा ठेवला. तुम्ही नल तपासला नाही, जुनी वाशी पुन्हा मोजली. जाता जाता: फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर ही चूक दिसतच नाही, कारण मग वाशी वाचतानाच शेवट लागतो. त्यामुळे एकाच्या मशीनवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही. लूपची अट एफगेट्सच असू द्या: तो नल देत नाही तोवर चालू. एफईओएफ वापरायचाच तर लूप संपल्यावर, शेवट आला की वाचताना चूक झाली हे ओळखायला. चुकीसाठी एफएरर आहे.

आणि चौथी गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाहीत: एसस्कॅनएफने किती गोष्टी भरल्या ते तो परत देतो. २ नसेल तर ती ओळ बेरजेत घ्यायचीच नाही, ओळीचा नंबर छापून पुढे जायचं. एवढं एक असतं तर रिकाम्या ओळींनी बेरीज बिघडवलीच नसती. नावासाठीही मर्यादा द्या. नावाचा अ‍ॅरे ६४ असेल तर टक्का आणि चौकटी कंसाच्या मध्ये ६३ लिहा.

पामबीच

पारसिकने सगळं सांगितलंय, फक्त अ‍ॅरे किती मोठा करायचा हे राहिलं. २५६ केलात तर आजचा प्रश्न सुटेल, पण तो अंदाजच. उबुंटूवर असाल तर गेटलाइन वापरा. ते पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डमध्ये, २००८ पासून आहे, ओळ कितीही लांब असो, जागा स्वतः वाढवतं.

वापरताना चार गोष्टी. पॉइंटरला आधी नल आणि क्षमतेला शून्य द्या. दोन्हींचे पत्ते पाठवायचे, कारण ते दोन्ही बदलतं. जे परत येतं ती न्यूलाइन धरून बाइटांची संख्या, आणि शेवट किंवा चूक असेल तर वजा एक. म्हणून ते एसएसाइझ-टीमध्येच, म्हणजे ऋण आकडाही मावणाऱ्या प्रकारात, घ्यायचं. साइझ-टीमध्ये घेतलंत तर वजा एकचा प्रचंड मोठा धन आकडा होतो, 'शून्यापेक्षा मोठं आहे तोवर' ही अट कायम खरी राहते आणि लूप थांबत नाही. शेवटी फ्री एकदाच, लूपच्या बाहेर. दर फेरीला फ्री करून पॉइंटर नल केला नाहीत तर पुढचं गेटलाइन सोडून दिलेल्या जागेत लिहील.

न्यूलाइन काढायला: शेवटचा बाइट न्यूलाइन आहे का बघा, असेल तरच तिथे शून्य ठेवा. डोळे मिटून 'लांबी वजा एक'वर शून्य ठेवणारे खूप आहेत. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसलं की त्यांच्या वाशीचे १८० चे १८ होतात. किंवा स्ट्रसीस्पनने पहिला सीआर (विंडोजच्या फाइलींत न्यूलाइनआधी येणारा बाइट) किंवा न्यूलाइन कुठे आहे ते काढून तिथे शून्य. दोन्ही नसले तर तो पूर्ण लांबी देतो, त्यामुळे काही बिघडत नाही.

विंडोजच्या सी लायब्ररीत गेटलाइन नाही. तिथे एफगेट्सच, आणि ओळीत न्यूलाइन आला नाही तर अ‍ॅरे रिअ‍ॅलॉकने दुप्पट करून उरलेलं पुढे जोडत जायचं. आणि कुणी 'गेट्स वापरा, सोपं आहे' म्हटलं तर कान बंद करा. त्याला अ‍ॅरेचा आकारच माहीत नसतो. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म नावाचा इंटरनेटवर पसरणारा प्रोग्राम फिंगर सर्व्हरमध्ये शिरला तो याच भोकातून. २०११ च्या सी स्टँडर्डमधून गेट्स काढूनच टाकलंय.

लादीपाव, कळवा

गेटलाइन लावलं, एसस्कॅनएफचं उत्तर तपासलं. ११३० आले, नऊच ओळी. कोपरखैरणे मुद्दाम १२५० करून पाहिलं, तरी बरोबर.

पण आता बेकरीवाल्यांनी एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेली फाइल पाठवली. पहिल्या ओळीचा आकडा शून्य येतो. बाकीच्या ओळी ठीक, फक्त कोपरखैरणे 'चुकीची ओळ' म्हणून बाहेर पडते. एडिटरमध्ये उघडली की पहिली ओळ व्यवस्थित ९ दिसते.

पारसिक

दिसते म्हणजे आहे असं नाही. ओडी या बाइट दाखवणाऱ्या कमांडला वजा-सी देऊन पहिली ओळ बघा. ९ च्या आधी ऑक्टलमध्ये ३५७, २७३, २७७ असे तीन बाइट दिसतील. तो बॉम, म्हणजे फाइल यूटीएफ-८ असल्याची खूण. एक्सेल 'सीएसव्ही यूटीएफ-८' करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला तो टाकतं. एडिटर तो लपवतात, स्ट्रटोल त्यावर अडखळून शून्य देतो. पहिली ओळ हातात आली की तिचे पहिले तीन बाइट हेक्समध्ये ईएफ, बीबी, बीएफ आहेत का बघा. असतील तर पॉइंटर तीनने पुढे सरकवून मगच स्ट्रटोल. फक्त पहिल्या ओळीला. आणि फ्री मात्र मूळ पॉइंटरलाच करा, सरकवलेल्याला नाही.

स्ट्रटोलचा दुसरा पॉइंटर नल देऊ नका. तो सुरुवातीलाच उभा असेल तर आकडा सापडलाच नाही. खरा शून्य आणि 'आकडाच नाही' यांतला फरक फक्त तिथे कळतो. ए-टू-आयमध्ये तो कळत नाही, म्हणून ते वापरायचं नाही.

त्याच ओडीमध्ये ९ नंतर बहुधा स्वल्पविरामही दिसेल. शीटमध्ये दोन कॉलम आहेत, पहिल्या ओळीचा दुसरा रिकामा आहे, एक्सेल तरी स्वल्पविराम टाकतं. स्ट्रटोल तिथे थांबतो, त्यामुळे त्रास नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यूलाइनच्या आधी सीआरही असेल, विंडोजची पद्धत. तुमच्याकडे आकडा शेवटी आहे म्हणून तो निभावला. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी लाद्या मग नाव असतं, तर 'वाशी' आणि 'वाशी अधिक सीआर' यांची स्ट्रकम्पने तुलना कधीच जुळली नसती. वर छापताना कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेल्यामुळे पुढचा मजकूर नावावरच उमटला असता. पामबीचने सांगितलेला स्ट्रसीस्पन दोन्ही काढतो, तोच ठेवा.

कोपरखैरण्याचं: १२५० केलंत, त्या शीटमध्ये कॉलमला हजाराच्या स्वल्पविरामाचं फॉरमॅट आहे का? एक्सेल सीएसव्हीत आकडा जसा दिसतो तसा लिहितं. मग फाइलमध्ये अवतरण चिन्हांत '१,२५०' येतं आणि एसस्कॅनएफला स्वल्पविरामानंतर अंकाऐवजी अवतरण चिन्ह भेटतं. त्याने १ परत दिला, तुम्ही ओळ बाहेर काढलीत. प्रोग्राम बरोबर वागला. सेव्ह करण्याआधी कॉलमचं फॉरमॅट 'जनरल' करायला सांगा. नुसतं 'सीएसव्ही' मात्र निवडू देऊ नका. त्यात मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मिळत नाहीत.

उपवनकर

सी सक्तीचं नसेल तर पायथॉनमध्ये हे दहा ओळींत होतं. पण तिथेही खड्डे आहेत, फक्त जागा वेगळ्या.

ओपनला एन्कोडिंग 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या. बॉम असेल तर काढतो, नसेल तर तक्रार करत नाही. एन्कोडिंग न देता विंडोजवर उघडलीत तर मशीनचं कोडपेज, म्हणजे तिची स्वतःची अक्षरसारणी, लागू शकतं आणि ठाण्याच्या जागी लॅटिन अक्षरांची खिचडी येते. ओळीओळीने जायला थेट फाइलवर फॉर लूप. रीडलाइन्स सगळी फाइल मेमरीत आणतं, दहा ओळींना चालेल, दोन जीबीच्या लॉगला नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यूलाइन येतो, तो आरस्ट्रिपला फक्त न्यूलाइन देऊन काढा. नुसता स्ट्रिप ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसही खातो. जिथे इंडेंटला अर्थ आहे तिथे ते घातक.

रीडलाइन व्हाइल लूपमध्ये वापरत असाल तर लक्षात ठेवा: फाइल संपली की पूर्ण रिकामी स्ट्रिंग, आणि रिकामी ओळ असेल तर एक न्यूलाइन. आधी स्ट्रिप करून मग 'रिकामी का' विचारलंत तर मधल्या पहिल्या कोऱ्या ओळीलाच प्रोग्राम थांबेल.

अवतरण चिन्हांतला '१,२५०' हवा असेल तर स्प्लिट नको, सीएसव्ही मॉड्यूल घ्या, आणि त्यासाठी ओपनला न्यूलाइन म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या. इंटमध्ये घालण्याआधी आकड्यातला स्वल्पविराम काढा. आणि बेकरीत कुणी देवनागरी अंकांत २५० टाइप केलं तर पायथॉनचा इंट ते २५० च वाचतो. सीमधला स्ट्रटोल नाही वाचत. शिवाय तिथे तीन अंकांचे नऊ बाइट होतात, म्हणजे ३२ च्या अ‍ॅरेचा हिशोब आणखी आधी फसला असता.

मासुंदा

एफफ्लशचं मागे घेतो. जावात स्कॅनरचा नेक्स्टइंट आणि मग नेक्स्टलाइन केलं की पहिली ओळ रिकामी येते, तेही हेच ना?

पामबीच

हेच. नेक्स्टइंट अंक घेतो, ओळीचं उरलेलं तिथेच. एक जादा नेक्स्टलाइन करून ते फेकून द्या, नाहीतर बफर्डरीडरची रीडलाइन वापरून पहिली ओळही इंटिजरच्या पार्सइंटने वाचा. ती न्यूलाइन आणि सीआर दोन्ही काढून देते, शेवटी नल. बॉम मात्र जावा स्वतः काढत नाही, पार्सइंट त्यावर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकेल. सी++ मध्ये सीइनने आकडा घेतल्यावर इग्नोरला न्यूलाइनपर्यंतचं सगळं गिळायला सांगा, मग गेटलाइन. तिथे डब्ल्यूएस वापरलंत तर ते पुढच्या कोऱ्या ओळीही खाईल, टक्का-डीच्या पुढच्या स्पेससारखंच.

शेलमध्ये उलटा प्रकार आहे. व्हाइल-रीड लूपमध्ये शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर रीड ओळ भरतो, पण अपयश परत करतो. लूप थांबतो आणि वाशी एकदाही येत नाही. अटीत 'किंवा ओळ रिकामी नाही' जोडायचं. रीडला वजा-आर द्या, नाहीतर बॅकस्लॅश गायब होतात, आणि आयएफएस (ओळ कुठे तोडायची ते ठरवणारं व्हेरिएबल) रिकामा ठेवा म्हणजे कडेच्या स्पेस राहतात.

लादीपाव, कळवा

ओडीमध्ये ३५७ २७३ २७७ दिसले, ९ नंतर स्वल्पविरामही. बॉम वगळला, कॉलम जनरल करून फाइल परत मागवली. कोपरखैरणे १२५० धरून २१३० आले, नऊ ओळी. सीच ठेवतोय. एक शेवटचं: फाइल न देता हाताने टाइप करून तपासताना शेवट कसा सांगायचा? कंट्रोल-डी दाबतो, कधी एकदा पुरतो, कधी दोनदा लागतो.

पारसिक

कंट्रोल-डी म्हणजे शेवटाचं अक्षर नाही. टर्मिनलला तो सांगतो की आतापर्यंत टाइप केलेलं आहे तसं प्रोग्रामला दे. एंटर दाबून नव्या ओळीच्या सुरुवातीला असाल तर द्यायला काहीच नसतं, प्रोग्रामला शून्य बाइट मिळतात, तो शेवट समजतो. 'वाशी,१८०' अर्ध्यावर असताना दाबलात तर पहिल्यांदा तेवढं जातं, दुसऱ्यांदा शून्य. म्हणून दोनदा. एंटर मारून मग एकदाच दाबा.